राजुरेश्वराच्या दरबारी एक टाइट एण्ड

राजूरच्या गणपतीपुढे वर्षभर ज्या दरखास्ती येतात त्यांचा एखाद्या चिकित्सक कारकुनाने तक्ता मांडला, तर विवाह, संतती, नोकरी, बोअरचे पाणी, बांधाचा तंटा आणि सोयाबीनचा भाव या सहा सदरांत बहुतेक जमाबंदी आटोपेल, आणि परीक्षेचा निकाल, चुकलेली म्हैस, पंचायत समितीचे तिकीट असली फुटकळ प्रकरणे 'किरकोळ' या सातव्या सदराखाली सुखाने नांदतील; परंतु अमेरिकन फुटबॉलमधील नवख्या टाइट एण्डचे भवितव्य या विषयासाठी स्वतंत्र रकाना आखण्याची दूरदृष्टी निजामाच्या अमदानीतल्या अव्वल कारकुनानेही दाखविली नसती. ती दरखास्त २०२४ च्या भाद्रपदाच्या तोंडावर डॅलसहून आली. धाडणारा माझा पुतण्या. तिकडच्या एका संगणक कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणजे काय करतो ते आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. मजकूर एवढाच होता: "काका, राजुरेश्वराला माझ्या नावाने एकवीस दूर्वा वाहा. ब्रॉक बावर्स घेतला आहे. रूकी आहे. चांगला निघाला तर एकवीस किलो मोदकांचा नवस."

आमच्या कुटुंबाने हा मजकूर दोनदा ऐकून, ही नवी मोटार असली पाहिजे, असा निर्णय दिला आणि हार घातलेला फोटो अद्याप कसा आला नाही याबद्दल चिंता व्यक्त केली. मी सविस्तर कैफियत मागविली. ती जी आली, ती रात्री साडेअकरापर्यंत फोनवर चालली होती, आणि तिचा सारांश दुसऱ्या दिवशी टेकडीखालच्या हॉटेलात मला तीन इसमांपुढे सादर करावा लागला: एक आमचे निवृत्त तलाठी अण्णा, ज्यांना पूर्वीचा दाखला दाखविल्याखेरीज सूर्योदयसुद्धा मंजूर होत नाही, दुसरे देवळातले पुजारीकाका, ज्यांचा नवसाशी व्यावसायिक संबंध होता, आणि तिसरा शेजारच्या सलूनचा तरुण मालक, जो दाढी करताना एका डोळ्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याकडे व दुसऱ्याने मोबाइलमधल्या ड्रीम इलेव्हन या क्रिकेटच्या खेळाकडे पाहत असे, आणि त्यामुळे राजुरात दाढीला बसणे हेही एक साहस झाले होते.

प्रकरण मुळात असे आहे. खऱ्या संघांतले खरे खेळाडू आपसांत वाटून घेऊन दहा-बारा मित्र आपापले काल्पनिक संघ उभे करतात. रविवारी प्रत्यक्ष मैदानावर त्या खेळाडूंनी जे केले असेल त्याचे गुण या काल्पनिक संघांच्या खात्यावर जमा होतात. आणि सोमवारी कचेरीत एक मित्र दुसऱ्याकडे असा पाहतो, की जणू घाम यानेच गाळला आहे. या विद्येचा उगम शोधू गेल्यास तो १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलच्या खोलीत सापडतो. बिल विंकनबाख नावाचे ऑकलंडचे एक उद्योगी गृहस्थ रेडर्स या संघाचे भागीदार होते, आणि त्या वर्षी रेडर्सने चौदा सामन्यांपैकी तेरा गमावण्याचा उपक्रम हाती घेतला होता. संघाबरोबर पूर्वेकडच्या दौऱ्यावर गेलेल्या विंकनबाखांनी दोघाचौघांच्या साहाय्याने या खेळाचे नियम रचले आणि पुढच्या वर्षी ऑकलंडात आठ जणांचे पहिले मंडळ सुरू झाले. स्वतःच्या मालकीचा खरा संघ हरत असताना माणसाने खोटा संघ काढावा, यातले मनुष्यस्वभावाचे सत्य अण्णांना तत्काळ पटले. सातबाऱ्यावर जमीन न उरलेले लोकच गावच्या शिवाराची चर्चा सर्वांत तपशीलवार करतात, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

गुणांचा हिशोबही सोपा आहे. चेंडू झेलून दहा यार्ड पुढे नेले की एक गुण, टचडाउनला सहा, आणि पुष्कळ मंडळांत झेललेल्या प्रत्येक पासाला आणखी एक. येथपर्यंत सर्वांनी माना डोलावल्या. अडचण पुढे आली, कारण टाइट एण्ड हा प्राणी दोन खात्यांत नेमणूक असलेला आहे. रांगेच्या टोकाला, धिप्पाड टॅकलच्या खांद्यालगत, एक हात जमिनीला टेकवून तो वाकलेला असतो. चेंडू हलताच समोरून सव्वाशे किलोचा एक गडी आपल्या क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याची, हाडे मोजण्याच्या इराद्याने धावत येतो, आणि त्याला छातीने अडवून धरणे हे टाइट एण्डचे पहिले काम. दुसऱ्या वेळी तोच टाइट एण्ड, तसाच वाकलेला, चेंडू हलताच कोणाला न अडवता सुटतो, ठरलेल्या पावलाला वळतो आणि पाठीमागून येणारा चेंडू बोटांच्या टोकांवर झेलून धावू लागतो. अंगारकीला आपल्या टेकडीवर दर्शनाच्या बारीत उभा असलेला स्वयंसेवक डोळ्यांपुढे आणा, मी म्हणालो: निम्मा वेळ दोरीला पाठ लावून लोंढा थोपवायचा, आणि उरलेला निम्मा वेळ गाभाऱ्यातून कोणी नारळ भिरकावला तर तो जमिनीला लागू न देता पायऱ्या उतरत पळायचे, आणि या दोहोंतले या क्षणी कोणते, हे लोंढ्याला कळता कामा नये.

"अन् थोपवल्याचे गुण किती?" अण्णांनी विचारले.

शून्य. पुतण्याने हे फार सहजपणे सांगितले होते, परंतु चहाच्या टेबलावर त्याचा उच्चार होताच मंडळी गंभीर झाली. अडवल्याचा जमाखर्चात कोठेही रकाना नाही. किंबहुना काल्पनिक संघ चालविणाऱ्याच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा आहे. कारण ज्या क्षणी आपला गडी कोणाला अडवीत असतो त्या क्षणी तो चेंडू झेलीत नसतो, आणि तो जितका उत्तम अडवतो तितका प्रशिक्षक त्याला अधिक अडवायला लावतो.

नवख्या टाइट एण्डची शोकांतिका इथेच सुरू होते. कॉलेजातून आलेला पोरगा उंच, चपळ, हाताचा चिकट असतो; ऑगस्टात जाणकार त्याची पत्रिका मांडतात आणि राजयोग वर्तवितात. प्रशिक्षकाला मात्र आपल्या क्वार्टरबॅकच्या बरगड्यांची काळजी असते. तो म्हणतो, आधी दाराशी उभे राहायला शिक, झेलायचे मग पाहू. रांगेतल्या धडधाकट गड्यांना जो एक पाठ करावा लागतो आणि झेलणाऱ्यांना जो दुसरा पाठ करावा लागतो, ते दोन्ही पाठ या बिचाऱ्याला एकाच वर्षात करावे लागतात. आणि म्हणून नवखा टाइट एण्ड घेऊ नये, हा त्या विद्येतला जुना दंडक आहे. आज ज्याच्या नावाचा एवढा डंका आहे तो ट्रॅव्हिस केल्सी २०१३ साली आला तेव्हा गुडघ्याच्या दुखण्याने पहिले वर्ष एका सामन्यावर आटोपला, आणि त्या सामन्यातही त्याने एकही पास झेलला नाही. पुढे हाच मनुष्य या जागेवरच्या सर्वकालीन थोरांत गणला गेला. पण त्या वर्षी ज्याने त्याला घेतले असेल, त्याच्या खात्यावर या थोरवीतला एक छदामही जमा झाला नाही.

अण्णांनी दाखले मागितले. पुतण्याने पाठवलेले दाखले मी कागदावर उतरवून आणले होतेच. १९६१ साली शिकागो बेअर्सच्या माइक डिटकाने पहिल्याच वर्षी ५६ पास झेलून १,०७६ यार्ड आणि १२ टचडाउन मिळविले, आणि नवख्यांतला त्याचा यार्डांचा उच्चांक पुढची सहा दशके कोणाला हलवता आला नाही. २०२१ मध्ये काइल पिट्स आला. कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत चौथा, म्हणजे टाइट एण्डच्या वाट्याला तोवर कधी न आलेला मान. त्याने १,०२६ यार्ड काढले, पण टचडाउन अवघा एक, आणि तोही मायदेशी नव्हे तर लंडनच्या मैदानावर! गुणांच्या भाषेत सांगायचे तर संबंध वर्ष शेत नांगरून खळ्यावर एकच पायली. (पुढच्या वर्षी तो जायबंदी होऊन २८ पासांवर थांबला, भविष्यवेत्ते तोवर दुसऱ्या पत्रिकेकडे वळले होते.) २०२३ मध्ये मात्र दुसऱ्या फेरीत निवडलेल्या सॅम लापोर्टाने डेट्रॉइटसाठी ८६ पास आणि १० टचडाउन करून जाणकारांची तोंडे बंद केली, म्हणजे अर्थातच आणखी उघडली.

"अन् तुमचा?" अण्णा म्हणाले.

बावर्स हा जॉर्जिया विद्यापीठाचा, निवडीत तेरावा, आणि त्याला घेणारा संघ कोणता, तर तोच रेडर्स, जो ऑकलंडहून लॉस एंजेलिस, पुन्हा ऑकलंड अशी बिऱ्हाडे बदलीत अखेर २०२० मध्ये लास व्हेगासला स्थायिक झाला. ज्या संघाच्या पराभवांतून हा काल्पनिक खेळ जन्माला आला, त्याच संघात बासष्ट वर्षांनी हा पोरगा, आणि त्या वर्षीचा त्याचा पहिला सामना नेमका ऋषिपंचमीला, ८ सप्टेंबरला. या योगाने पुजारीकाका किंचित हलले. अण्णा हलले नाहीत. त्यांनी आमच्या जिल्ह्याचाच दाखला पुढे केला. जालन्याच्या विजय झोलने २०११ साली एकोणीस वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या तेव्हा भोकरदनच्या तहसिलीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पोरगा पुढे १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधारही झाला. आणि इतके होऊनही भारताच्या मुख्य संघात त्याची वर्णी लागली नाही. "पोरगं खोटं नव्हतं," अण्णा म्हणाले, "आपण लावलेला अंदाज खोटा होता. पाऊसपाण्याचं भाकीत करणारे भेंडवळचे लोक बरे, ते चार ढेकळं, पापड-करंजी अन् सुपारी मांडून अक्षय्य तृतीयेला पीकपाणी सांगत्यात, पण कोणाच्या पोराचं नाव घेत न्हाईत."

या खिन्न वातावरणात सलूनवाला पहिल्यांदा बोलला, आणि मला नमूद केले पाहिजे की, त्या दिवशी टेबलाभोवतीच्या चौघांत विषयाचे खरे मर्म फक्त त्याच्याच हाती लागले.

"गुरुजी, हा तर विकेटकीपर झाला! टीम लावायची तर एक कीपर घ्यावाच लागतो, अन् चांगले दोनच असत्यात. बाकीचे नुसते उभे."

मग त्याने जे विवेचन केले ते पुतण्याच्या कैफियतीपेक्षा सरस होते. ड्रीम इलेव्हनमध्ये झेलाला आठ गुण, यष्टिचीतला बारा, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. परंतु लेगसाइडला जाणारा चेंडू कीपरने आडवा पडून अडविला आणि चार बाय वाचविल्या, तर त्याचे गुण किती? शून्य. कोपर फुटले तरी शून्य. म्हणून नवा कीपर संघात आला की तो ग्लोव्ह्ज किती छान वापरतो हे शहाणा मनुष्य पाहतच नाही. शहाणा मनुष्य एकच गोष्ट विचारतो, आणि ती त्याने मला विचारली:

"कितव्या नंबरला खेळतो? सातव्याला असंल तर कामून घेतला मंग?"

मी हा प्रश्न त्याच शब्दांत डॅलसला कळविला. तिकडून बराच वेळ उत्तर आले नाही. नंतर पुतण्याने लिहिले की, त्याच्या मंडळातले बारा उच्चविद्याविभूषित इसम दोन आठवडे जे तक्ते करीत होते त्या सर्वांचा मथितार्थ एवढाच आहे, आणि हे गृहस्थ कोणत्या कंपनीत आहेत?

पुजारीकाकांची अडचण निराळी होती आणि ती अधिक खोल होती. राजूर हे परंपरेने साडेतीन गणेशपीठांतले एक पूर्ण पीठ. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथेच, अशी या क्षेत्राची श्रद्धा. आणि त्या गीतेतही राजाला पहिल्यापासून हेच बजावले आहे, की कर्म करावे आणि फळाची आस टाकावी. "आता तुम्ही मला सांगा," पुजारीकाका दूर्वा निवडता निवडता म्हणाले, "ह्या पोराने अडवायचं ते कर्म, अन् झेलायचं ते फळ. देवानं ज्या जागी राजाला फळ सोड म्हणून सांगितलं, त्याच जागी मी उभा राहून म्हणू की, बाप्पा, ह्याचं कर्म कमी कर आणि फळ वाढव?"

शास्त्रार्थ बिकट होता. एका टाइट एण्डच्या निमित्ताने सबंध कर्मयोग ढवळून निघाला. मी असे सुचवून पाहिले की, दूर्वा निव्वळ प्रकृतिस्वास्थ्यासाठी वाहाव्यात, गुणांचा उच्चार संकल्पात करू नये, आणि फळाचा विषय फळ देणाऱ्यावर सोडावा. पुजारीकाकांनी हे मान्य केले. मात्र गोत्र विचारले असता मी निरुत्तर झालो, तेव्हा त्यांनी पुतण्याचेच गोत्र लावले. अशा रीतीने जॉर्जिया विद्यापीठाचा तो खेळाडू चतुर्थीच्या सकाळी, त्याच्या अपरोक्ष, काश्यपगोत्री झाला.

पुढचा वृत्तांत क्रीडेतिहासात नमूद आहे. रेडर्सने आपली परंपरा राखली. सतरा सामन्यांत चार जिंकले, तेरा हरले. क्वार्टरबॅक म्हणून मोसमात तिघांना आलटून पालटून उभे केले. ऑक्टोबरात संघाचा मुख्य झेलणारा, दावांते अॅडम्स, न्यूयॉर्कच्या संघाला देऊन टाकण्यात आला. कोणत्याही खऱ्या चाहत्याने हे ऐकून जेवण टाकले असते. डॅलसमध्ये माझ्या पुतण्याने पेढे वाटले. कारण हरणाऱ्या संघाला घाईने चेंडू फेकावा लागतो, फेकायचा तर झेलणारा हवा, आणि मुख्य झेलणारा गेल्यावर उरला कोण? दाराशी उभा राहण्यासाठी नेमलेला मनुष्य घरातल्या दारिद्र्यामुळेच कारभारी झाला. बावर्सने ११२ पास झेलले, १,१९४ यार्ड काढले, पाच टचडाउन केले. डिटकाचा त्रेसष्ट वर्षांचा यार्डांचा उच्चांक मोडला आणि नवख्यांच्या झेलांचा, टाइट एण्ड असो वा नसो, सर्वांचाच उच्चांक आपल्या नावे करून घेतला. झेल, यार्ड व टचडाउन मिळून गुण होतात २६१, आणि हे पुतण्याने मला पहाटे चार वाजता फोन करून सांगितले.

अण्णांनी ती सर्व आकडेवारी तपासली, बेरीज स्वतः करून पाहिली, आणि मग विचारले, "अन् अडवले किती?" ती संख्या पुतण्याकडे नव्हती. त्याच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. अण्णांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या मते दस्तऐवज अपुरा होता.

पुतण्याचा संघ शेवटी हरलाच. उपांत्य आठवड्यात त्याचा मुख्य धावणारा लंगडत बाहेर गेला आणि चषक मंडळातल्या एका तेलुगू गृहस्थाकडे गेला, ज्याने तिरुपतीला काही बोललेले होते की काय, हे शेवटपर्यंत बाहेर आले नाही. यावरून नवसाचा तंटा उभा राहिला. चषक मिळाला नाही, सबब मोदक लागू नाहीत, अशी डॅलसची भूमिका होती. अण्णांनी मूळ मजकूर मागवून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि निवाडा दिला: मजकुरात बावर्सबद्दल "चांगला निघाला तर" असे शब्द आहेत, संघाचा उल्लेख नाही, नवस इसमाचा होता, मंडळाचा नव्हता, इसम चांगला निघाल्याचे अर्जदाराने स्वतः पहाटे चारला कबूल केले आहे, देणे लागू, मुदत माघी चतुर्थीपर्यंत. एकवीस किलो मोदकांचे पैसे विनातक्रार आले. प्रसादाला गर्दी चांगली झाली आणि ज्याच्या कर्तबगारीचे मोदक आपण खात आहोत तो कोण, अशी चौकशी एकाही भाविकाने केली नाही.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टात, दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. २१ तारखेला संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संमत केला, दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची मोहोर उमटली, ड्रीम इलेव्हनने पैशाचे सामने बंद केले, आणि आमच्या सलूनमधल्या दाढ्या एकाएकी इतक्या सुबक होऊ लागल्या की जुनी गिऱ्हाइके परत आली. त्याच सुमारास डॅलसहून नवी दरखास्त आली. त्या वर्षी निवडीत पहिल्या चौदांत दोन टाइट एण्ड गेले होते: दहावा कोल्स्टन लव्हलँड, शिकागो बेअर्सला, आणि चौदावा टायलर वॉरन, इंडियानापोलिसला. कोणता घ्यावा? अण्णांनी क्षणाचाही विलंब न लावता कौल दिला: "डिटकाच्या गादीवर आलाय तो. वतन पाहून घ्या." पुजारीकाकांनी दोन्ही नावे कागदावर लिहून ठेवली, पण दूर्वा आधी की निवड आधी, हे स्पष्ट झाल्याशिवाय टोपलीला हात लावायला ते तयार नव्हते.

सलूनवाला मात्र या खेपेला कितव्या नंबरला खेळतो वगैरे काही विचारीना. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून तो दारात येऊन उभा राहिला, आणि जरा संकोचून म्हणाला:

"गुरुजी, भाऊंच्या त्या लीगमधी एखादी जागा रिकामी है का, ते बघा ना विचारून. पैसा काही नको आपल्याला. नुसते गुण लावले तरी चालतील."